केई, युरी आणि चारित्र्याचा दाखला

जपानच्या निप्पोन टेलिव्हिजनवर ‘डर्टी पेअर’ ही ॲनिमे मालिका १५ जुलै १९८५ रोजी, एका सोमवारी सुरू झाली आणि २६ डिसेंबरला, गुरुवारी, बंद पडली. मध्येच वार का बदलला, हे टीव्हीच्या धंद्याची थोडीफार कल्पना असलेल्याला सांगावं लागणार नाही. टीआरपी मनासारखा नव्हता. वेळ हलवून पाहिली, तरी जमलं नाही. शेवटी २६ भागांपैकी २४ दाखवून वाहिनीने हात झटकले. उरलेले दोन भाग १९८७ साली थेट व्हिडिओ कॅसेटवर आले.

सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, हाताने रंगवलेल्या जुन्या ॲनिमेला सध्या पुन्हा बरे दिवस आले आहेत. तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मुलंमुली ऐंशीच्या दशकातली जपानी गाणी ऐकतात, निऑन दिव्यांच्या त्या शहरांची चित्रं खोलीत लावतात आणि फिरत फिरत ‘डर्टी पेअर’पर्यंत येऊन पोचतात. मग वाद सुरू होतो. काहींच्या मते ही मालिका काळाच्या कितीतरी पुढे होती: दोन बायका, हातात बंदुका, कुणा पुरुषाच्या आधाराची गरज नाही. काहींच्या मते हा सगळा पुरुषी डोळ्यांसाठी मांडलेला बाजार आहे आणि त्या आखूड कपड्यांकडे पाहिल्यावर आणखी काही बोलायची गरजच नाही. भांडण बरंच तावातावाने चालतं. पण दोन्ही तट मागतात एकच गोष्ट, चारित्र्याचा दाखला. एकाला तो मिळाल्यासारखा वाटतो, दुसऱ्याला नाकारावासा वाटतो. हा दाखला मागायचाच कशाला, हा माझा प्रश्न आहे. आणि त्या मागणीच्या गडबडीत या मालिकेबद्दलचा खरा विचारण्याजोगा प्रश्न बाजूला पडतो, असं माझं म्हणणं आहे.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी कथेबद्दल. साल २१४१. माणूस ताऱ्याताऱ्यांवर जाऊन वसलेला. ‘थ्री-डब्ल्यू-ए’ नावाची एक मोठी कल्याणकारी संस्था आहे. कुठल्याही ग्रहावर, कुठल्याही सरकारवर किंवा कंपनीवर संकट आलं की ती आपले तज्ज्ञ पाठवते. या तज्ज्ञांना ‘ट्रबल कन्सल्टंट’ म्हणतात. केई आणि युरी ही त्यांतली एक जोडी. केई तापट, तोंडाळ, लाल केसांची. युरी वरकरणी शालीन, पण बिघडली तर केई परवडली. सोबतीला मूगी नावाचा अस्वलाएवढा मांजरवजा प्राणी आणि नान्मो नावाचा छोटा यंत्रमानव. दोघींचं अधिकृत सांकेतिक नाव ‘लव्हली एंजल्स’. पण त्या जिथे जातात तिथे इमारत कोसळते, कधी शहर जळतं, कधी अख्खा ग्रह हातचा जातो. म्हणून लोकांनी त्यांना ठेवलेलं नाव ‘डर्टी पेअर’. ते ऐकलं की दोघींचा पारा चढतो. त्यांचे साहेब गुली यांचं अर्धं आयुष्य या दोघींची बिलं पाहून डोकं धरण्यात जातं.

मात्र प्रत्येक विध्वंसानंतर संस्थेचा मध्यवर्ती संगणक रीतसर चौकशी करतो आणि दरवेळी निकाल एकच येतो: झालेल्या नुकसानीत या दोघींचा दोष नाही. काम झालं, गुन्हेगार सापडला, बाकीचं अपरिहार्य होतं. संगणकाला राग नाही, लोभ नाही, आणि ‘बाईमाणसाला हे शोभतं का’ असं विचारण्याची सवय नाही. तो कागद तपासतो आणि फाइल बंद करतो.

संपूर्ण मालिकेतली सर्वांत धीट गोष्ट मला हीच वाटते, बंदुकांपेक्षा कितीतरी धीट. पुरुष नायकाने पाठलागात चार चौक उद्ध्वस्त केले तर प्रेक्षागृहात कुणी भरपाईचा विषय काढत नाही. शेवटी त्याला हारतुरे मिळतात. केई आणि युरीने नेमकं तेच केलं की विश्वभर त्यांचं नाव खराब होतं. मालिकेच्या कर्त्यांना हा विनोद पुरता कळलेला होता. त्यांनी कथेतच दोन निकाल ठेवले आहेत: एक पुरावा पाहणाऱ्या संगणकाचा, दुसरा पुरावा न पाहता नाव ठेवणाऱ्या लोकांचा. आज वाद घालणारे प्रेक्षक या दुसऱ्या बाकावर जाऊन बसतात, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

मूळ कथा हारुका ताकाचिहो यांच्या. विज्ञानकथा आणि ॲनिमे यांच्या सीमेवर काम करणाऱ्या ‘स्टुडिओ नुए’च्या संस्थापकांपैकी ते एक. पहिली कथा १९७९ साली मासिकात आली, चित्रं योशिकाझु यासुहिको यांची. निवेदन केईचं, प्रथमपुरुषी, फटकळ बोलीत. जपानी विज्ञानकथेचा ‘सेइउन’ पुरस्कार या कथामालेला १९८० साली लघुकथेसाठी मिळाला आणि १९८६ साली पुढच्या कादंबरीलाही. हा पुरस्कार विज्ञानकथा संमेलनाला येणाऱ्या वाचकांच्या मतांवर ठरतो. म्हणजे टीव्हीवर मालिका गटांगळ्या खात होती त्याच सुमारास छापील केई-युरीला वाचक डोक्यावर घेत होते. तेव्हा ‘त्या काळच्या लोकांना हे झेपलं नाही’ हे विधान जरा जपून करावं.

‘काळाच्या पुढे’ या कौतुकावर माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. ते ऐकायला गोड लागतं, पण त्यात मूळ काळाचा अपमान आहे. १९८५ चं जपान म्हणजे घरात बसलेल्या, मान खाली घातलेल्या बायकांचा देश होता आणि अचानक दोन अंतराळकन्या आकाशातून पडल्या, असं काही झालं नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात जपानच्या संसदेने रोजगारात स्त्री-पुरुषांना समान संधी देणारा कायदा मंजूर केला. जूनमध्ये स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला जपानने मान्यता दिली. जुलैत केई आणि युरी टीव्हीवर आल्या. कायदा १ एप्रिल १९८६ पासून लागू झाला, आणि तो बराचसा पोकळ होता. भरती आणि बढतीत समानता आणण्यासाठी मालकांनी ‘प्रयत्न करावा’ एवढंच त्यात म्हटलं होतं. ठाम मनाई यायला १९९७ ची दुरुस्ती लागली. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी बढतीची वाट आणि कारकुनीची वाट अशा दोन वाटा काढल्या आणि बहुतेक मुलींना दुसऱ्या वाटेवर उभं केलं. लग्न झालं की टेबल रिकामं करायचं, हा रिवाज होताच.

या पार्श्वभूमीवर मालिका पुन्हा पाहा. या दोघींना पगार आहे, साहेब आहे, अहवाल लिहायचे आहेत, रजा मंजूर करून घ्यायची आहे आणि ऐन रजेच्या दिवशी फोन येतो. त्या कुठल्या राजाच्या लेकी नाहीत, त्यांच्या कुळात शाप नाही, बालपणी आईबाप मारले गेले म्हणून सूड घ्यायला निघालेल्याही नाहीत. त्यांना नोकरी आहे, इतकंच. रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवण्यावर तेव्हाच्या जपानी कामगार कायद्यात बंधनं होती. त्या हिशेबाने गुली साहेबांवर पहिल्या आठवड्यातच खटला भरता आला असता! नोकरदार तरुणीचं हे चित्र भविष्यातून आलेलं नव्हतं. संसदेत आणि ऑफिसांत ज्यावर खल चालू होता, तेच रंगीत करून समोर ठेवलं होतं.

एक भाग सध्या फार चर्चेत असतो. घरातून पळालेल्या एका श्रीमंत मुलाला परत आणायचं काम या दोघींकडे येतं. त्याची प्रेयसी जन्माने पुरुष होती हे मध्येच उघड होतं. क्षणभर दचकण्याचा विनोद होतो, आणि मग मालिका शांतपणे त्या जोडप्याच्या बाजूने उभी राहते. लग्न व्हायलाच हवं यासाठी दोघी जिवावर उदार होतात. हा भाग आवडणारे लोक इथेही ‘काळाच्या पुढे’चा शिक्का मारतात. मला त्यात निराळी गोष्ट दिसते. ठरलेल्या वेळी, घरातल्या टीव्हीवर, विनोदी मालिकेत हे दाखवता आलं. दाखवणाऱ्यांना ते फार मोठं बंड वाटत असेल असं त्या भागाच्या हलक्याफुलक्या चालीवरून तरी वाटत नाही. जुनी माणसं आपण समजतो तितकी सरळसोट नव्हती, हे मान्य करायला आपल्याला जड जातं.

आता विषयाच्या गाभ्याकडे, म्हणजे कुस्तीकडे येतो.

‘डर्टी पेअर’ हे नाव ‘ब्युटी पेअर’ या नावाची उलटी नक्कल आहे. जॅकी सातो आणि माकी उएदा या दोन तरुण पैलवान पोरींची ही जोडी १९७६ साली महिलांच्या व्यावसायिक कुस्तीत उतरली आणि जपानभर वेड लागलं. त्या रिंगणात कुस्ती खेळायच्या आणि तिथेच गाणीही म्हणायच्या. त्यांच्या रेकॉर्ड धडाधड खपल्या. ऑस्ट्रेलियन विज्ञानकथाकार ए. बर्ट्रम चँडलर जपानला आले असताना ताकाचिहो आणि मंडळींनी त्यांना ही कुस्ती दाखवायला नेलं. सोबत स्टुडिओतल्या दोन तरुणी होत्या. रिंगणातली ब्युटी पेअर असेल तर या तुमच्या सोबतच्या दोघी डर्टी पेअर, अशी काहीशी थट्टा चँडलरनी केली आणि तिथून ही कल्पना निघाली, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. 

ती हकिकत सगळे हसून सांगतात आणि पुढे जातात. मी तिथेच थांबतो. कारण ब्युटी पेअरच्या कुस्तीला गर्दी कुणाची होती? शाळकरी मुलींची. त्याआधी महिलांची कुस्ती म्हणजे पुरुषांनी चवीने पाहायचा प्रकार समजला जाई. ब्युटी पेअरने ती प्रेक्षकांची जागा मुलींना मिळवून दिली. या मुली गळा फाटेस्तोवर ओरडत, रडत, रंगीत फिती रिंगणात फेकत. फेब्रुवारी १९७९ मध्ये टोकियोच्या निप्पोन बुदोकान सभागृहात दोघी एकमेकींविरुद्ध उतरल्या. हरेल तिने निवृत्त व्हायचं, अशी अट होती. उएदा हरली आणि गेली. 

पुढे चिगुसा नागायो आणि लायनेस असुका यांची ‘क्रश गॅल्स’ ही जोडी आली आणि हे वेड दुपटीने वाढलं. २८ ऑगस्ट १९८५ रोजी ओसाका-जो हॉलमध्ये नागायोची लढत डंप मात्सुमोतो या खलनायिकेशी झाली. पैज केसांची होती. नागायो हरली आणि भर रिंगणात तिचे केस भादरले गेले. प्रेक्षकांतल्या मुली अक्षरशः हंबरडा फोडत होत्या. तारीख पुन्हा पाहा: ‘डर्टी पेअर’ टीव्हीवर येऊन सहा आठवडे झाले होते. 

म्हणजे दोन तरुणी मिळून मारामारी करतात, पडतात, उठतात, हे पाहायला जीव टाकणारा स्त्रीप्रेक्षक त्याच उन्हाळ्यात, त्याच देशात, हजारोंनी हजर होता. तो शोधायला भविष्यात जायची गरज नव्हती. ज्या घटनेतून या मालिकेचं नाव आलं, ती घटना मुलींची होती. मालिका मात्र मुलींना बोलावत नाही. कॅमेरा नको तिथे रेंगाळतो, कपडे मुलांच्या मासिकांच्या पोस्टरसाठी आखलेले, लेखक-दिग्दर्शक-चित्रकार बहुतेक पुरुष. नाव घेतलं, जोडी घेतली, दणका घेतला, आणि ज्यांच्या ओरडण्याने हे सगळं उभं राहिलं होतं त्या मुलींना दाराबाहेर ठेवलं. आखूड गणवेशावर माझा आक्षेप असलाच तर तो हा आहे. तो अश्लील आहे की नाही या चर्चेत मला रस नाही. ते निमंत्रण कुणाच्या नावाने छापलं होतं, हे त्या गणवेशावरून कळतं. 

(ताकाचिहो यांच्या कथांत या कपड्यांना शास्त्रीय आधारही दिलेला आहे: उघड्या त्वचेवर पारदर्शक पॉलिमरचा संरक्षक थर असतो म्हणे. विज्ञानकथेत प्रत्येक गोष्टीला कारण देता येतं, आणि काही कारणं वाचून हसूच येतं.)

इतकं सांगितलं की दुसऱ्या तटातले मित्र खूष होतात. त्यांनी थोडं थांबावं. कुस्तीगीर मुलींच्या प्रत्यक्ष आयुष्याकडे पाहिलं तर केई-युरीची मजा आणखी कळते. त्या मुलींना दारू बंद, सिगारेट बंद, पुरुष बंद, असा कुस्ती भरवणाऱ्या कंपनीचा नियम होता. पंचवीस-सव्वीस वर्षांची झाली की निवृत्त हो, हाही अलिखित दंडक. ज्यांच्यासाठी हजारो मुली रडायच्या त्यांना स्वतःला मात्र मठातल्यासारखं राहावं लागे. केई आणि युरी पितात, देखण्या पुरुषावर भाळतात, त्याच्यावरून एकमेकींशी भांडतात, फसतात, दुसऱ्या दिवशी कामावर येतात आणि कुणी त्यांना शिक्षा करत नाही. कथेच्या पातळीवर इतकी मोकळीक प्रत्यक्षातल्या नायिकांना मिळत नव्हती. कपडे पुरुषांसाठी होते हे खरं. पण पोटभर खाण्याचा, चिडण्याचा, वाईट निवड करण्याचा आणि तरीही कामात तरबेज असण्याचा परवाना त्या दोघींचा स्वतःचा आहे. एकाच चित्रफितीत या दोन्ही गोष्टी आहेत. एक दाखवून दुसरी पुसता येत नाही.

मग टीव्हीवर ती चालली का नाही? माझा तर्क सांगतो. त्या काळात ही मालिका काढणाऱ्या सनराइझ या स्टुडिओच्या मालिकांचा गाडा प्रामुख्याने यंत्रमानवांच्या खेळण्यांवर चाले. ‘मोबाइल सूट गंडम’सारखी पुढे अजरामर झालेली मालिकासुद्धा १९८० साली ४३ भागांत गुंडाळली गेली होती. पुढे त्याच यंत्रांच्या प्लास्टिक मॉडेलनी ती पुन्हा उभी केली. केई आणि युरीकडे विकायला अजस्र यंत्रमानव नव्हता. लहान मुलग्यांना त्यांच्यात फारसं काही नव्हतं, मुलींना आमंत्रण नव्हतं. उरले कॉलेजातले ॲनिमेवेडे तरुण. त्यांची संख्या टीआरपीला पुरणारी नव्हती, पण त्यांचं प्रेम पक्कं होतं आणि खिशात पैसे होते. 

आणि पैशाचा रस्ता नेमका तेव्हाच उघडला होता. टीव्ही किंवा थिएटरला वळसा घालून थेट कॅसेटवर ॲनिमे काढण्याची पद्धत १९८३ च्या डिसेंबरात सुरू झाली होती. ‘डर्टी पेअर’ टीव्हीवरून उतरली आणि कॅसेटवर जगली: १९८५ मध्ये एक दीर्घ भाग, मग चित्रपट, १९८७-८८ मध्ये दहा भागांची मालिका, १९९० मध्ये आणखी एक. बंद पडलेल्या मालिकेचा एवढा पसारा! वाहिनीने केलेली मोजणी आणि दुकानातली मोजणी यांचा मेळ बसत नव्हता. पण दुकानाची मोजणीही अपुरीच असते. कॅसेट महाग, विकत घेणारा एक, पाहणारे दहा. त्या दहांत बहिणी होत्या का, मैत्रिणी होत्या का, कुणी विचारलं नाही. आज जुन्या प्रेक्षकांबद्दल आपण छातीठोकपणे बोलतो ते या पावत्यांच्या जोरावर. पावती फाडणारा तेवढा प्रेक्षक धरायचा, हा हिशेब मला मान्य नाही.

अमेरिकेत तर पावत्याही नव्हत्या. लॉस एंजेलिसमध्ये १९७७ साली जपानी ॲनिमेशनप्रेमींचा पहिला मोठा क्लब सुरू झाला, तेव्हापासून कॅसेटच्या प्रतींवरून प्रती काढून टपालाने पाठवण्याचा उद्योग चालू होता. चित्र पुसट, आवाज खरखरीत, भाषांतर नाही. तरीही ‘डर्टी पेअर’ त्या वर्तुळात लाडकी झाली. भाषा न कळताही केईचा संताप कळतो आणि युरीचं खोटं हसू कळतं, हे त्याचं साधं कारण असावं. १९८८ पासून टोरेन स्मिथ आणि ॲडम वॉरन यांनी मूळ कथांवरून इंग्रजीत स्वतंत्र कॉमिक्स काढली. ‘स्टार ट्रेक’च्या तेव्हाच्या नव्या मालिकेत कलाविभागात काम करणाऱ्या रिक स्टर्नबाख यांच्यासारख्या चाहत्यांनी पडद्यावरच्या कोपऱ्यांत, फलकांवर या जोडीच्या खुणा पेरून ठेवल्या. टीव्ही मालिकेला मात्र इंग्रजी आवाज देण्याची तयारी सुरू व्हायला २०२१ साल उजाडलं. तेव्हा एका अमेरिकी कंपनीने चाहत्यांकडून लोकवर्गणी मागितली आणि ती जमली. छत्तीस वर्षांनी, पुन्हा पावती फाडूनच.

खरी तुलना पुढच्या दशकात करता येते. मार्च १९९२ मध्ये ‘सेलर मून’ टीव्हीवर आली. नाओको ताकेउची या स्त्रीची कथा, मुलींच्या मासिकातली, आणि मुलींना विकायच्या खेळण्यांचा पक्का हिशेब पाठीशी. मारामारी करणाऱ्या मुली पाहायला मुली येतात, हे कुस्तीच्या आखाड्यात १९७६ सालीच सिद्ध झालेलं सत्य ॲनिमेच्या धंद्याला पुरतं पटायला सोळा वर्षं लागली. त्यानंतर सगळं बदललं. पण त्या बदलात काहीतरी हरवलंही. १९९४ ते ९६ दरम्यान ‘डर्टी पेअर फ्लॅश’ नावाने केई-युरी नव्याने आल्या, १६ भागांत. आता त्या आणखी कोवळ्या, डोळे मोठे, वागणं पोरसवदा, नव्याने काम शिकणाऱ्या. जुने प्रेक्षक बिथरले, आणि त्यांना नुसतं ‘जुन्याचं कौतुक’ म्हणून झटकणं बरोबर नाही. त्यांची तक्रार योग्यच होती, फक्त नेमकी मांडली गेली नाही. आधीच्या केई-युरी कामात मुरलेल्या होत्या. त्यांना आपलं काम येतं की नाही हा प्रश्नच नव्हता, लोकांना ते आवडतं की नाही एवढाच प्रश्न होता. नव्यांना आधी लायकी सिद्ध करायची होती. पुन्हा दाखला!

कोइची माशिमो यांनी मात्र वेगळं केलं. १९८६-८७ चा ‘डर्टी पेअर’ चित्रपट त्यांनीच दिग्दर्शित केला होता. दिसायला देखणा, जॅझच्या तालावर चालणारा, आणि नायिकांना बराच वेळ अपुऱ्या कपड्यांत पळवणारा. त्याच माशिमोंनी २००१ साली ‘न्वार’ ही मालिका काढली. पुन्हा दोन स्त्रिया, पुन्हा बंदुका, पण कपडे आधीपेक्षा अंगभर आणि स्वर गंभीर. समीक्षकांना ही प्रगती वाटली. मलाही ‘न्वार’ आवडते. पण तिच्यातल्या दोघी सदा शोकात असतात. अंग झाकल्याबरोबर हसणंही झाकलं जावं, हा नियम कुणी केला कोण जाणे. 

आपल्याकडचे प्रेक्षक या वादात उशिरा आले. त्याच काळातली जपानी मालिका १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर मोगली बनून रविवारी घराघरांत आली, पण ती जपानी आहे याचा कुणाला पत्ता नव्हता, आणि केई-युरीला दूरदर्शनच्या दारात उभंही केलं नसतं. आता इंटरनेटवर मराठी मुलंमुली ती पाहतात आणि याच दोन तटांत विभागली जातात. त्यातही आपली स्वतःची एक भर असते. ‘स्त्रीप्रधान’ म्हटलं की नायिकेने एक तर सोसलं पाहिजे, नाहीतर समाजाला काही शिकवलं पाहिजे, ही आपली जुनी अपेक्षा. कविता चौधरींची ‘उडान’मधली पोलिस अधिकारी कल्याणी सिंग १९८९ साली इथल्या मुलींना फार मोठा आधार देऊन गेली, याबद्दल दुमत नाही. पण कल्याणीला चूक करणं परवडणारं नव्हतं. तिच्या एका चुकीने सगळ्या मुलींच्या शिक्षणावर प्रश्नचिन्ह लागलं असतं. ते ओझं खरं होतं. तेच ओझं घेऊन आपण केई आणि युरीकडे पाहतो, आणि त्या ते उचलायला तयार नाहीत म्हणून गोंधळतो.

जपानी उद्योगाला जुन्या गोष्टी नव्याने करायची हौस आहे, तेव्हा या दोघी परत येणं अशक्य नाही. आल्या तर कपडे बदलतील. बदलावेतच, मला त्यांचं दुःख होणार नाही. लिहिणाऱ्यांत आणि दिग्दर्शन करणाऱ्यांत बायका असाव्यात, कारण ते दार पहिल्यांदा बंद ठेवलं होतं. पण निर्मात्यांना एक भीती वाटेल आणि ती मला आत्ताच ऐकू येते: आजच्या प्रेक्षकाला बेजबाबदार नायिका चालतील का? मग कुणीतरी सुचवेल की ग्रह नष्ट झाल्यावर दोघींना पश्चात्ताप होताना दाखवू, एखादी भूतकाळातली जखम देऊ, शेवटच्या भागात त्या काहीतरी शिकल्या असं करू. संगणकाचा निकाल काढून टाकतील आणि त्या जागी त्यांचे अश्रू ठेवतील. तसं झालं तर कपडे कितीही नीट असोत, मी ती पाहणार नाही. गुली साहेबांनी आरडाओरडा करावा, वर्तमानपत्रांनी हवं ते नाव ठेवावं, आणि चौकशीअंती दोघींनी निर्दोष सुटून प्रवासभत्त्याचा अर्ज भरावा.